कावळ्याच्या पायाची खूण

अप्पा,

लढाईच्या काळात आपल्या सड्यावर पलटणीचा कॅम्प होता, हे तुम्हाला माहीत होतं. हे वाक्य मी तीन वेळा लिहून खोडलं. आधी लिहिलं, 'तुम्हाला माहीत असावं.' मग लिहिलं, 'तुम्हाला माहीत होतं का?' दोन्ही वाक्यांत मला माझीच लबाडी दिसली. जे आपल्याला पक्कं ठाऊक आहे ते प्रश्न करून विचारू नये, तो भित्र्याचा मार्ग, असं तुम्हीच वर्गात सांगायचात. तेव्हा सरळ लिहिते. तुम्हाला माहीत होतं. कॅम्पाबद्दल, आणि तिथं जे झालं त्याबद्दलही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्याबद्दल मी जे जे चांगलं बोलले, ते सगळं गेले सहा महिने पुन्हा तपासते आहे, आणि तपासताना तपासणारीवरही माझा विश्वास उरलेला नाही.

सुरुवात हसण्यासारखी होती. मी आता रत्नागिरीत एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरी शोधत होते, म्हणून सांगितलं. जानेवारीत कॉलेजातली काही मुलं माझ्याकडे आली. हल्ली इकडे कातळशिल्पांचं वेड आहे. कुठल्याही गावच्या सड्यावर, त्या वरच्या उघड्या पठारावर जा, कोणीतरी केरसुणी घेऊन कातळ झाडत असतं आणि हत्ती, मासा, माणूस सापडतो का बघत असतं. या मुलांना आपल्या सड्यावर चौकोन सापडले होते. एका रांगेत अकरा, त्यांच्या मागं आणखी अकरा. प्रत्येकाच्या एका कोपऱ्यातून उताराकडे गेलेली एक शेपटी. एकाचं म्हणणं होतं यज्ञकुंडं असणार, एकीचं म्हणणं होतं कासवं. गाव माझं, म्हणून मला घेऊन गेली. आम्ही सगळे तिथं वाकून बघत होतो. मीही, अप्पा, अगदी गंभीरपणे, एका कासवाच्या शेपटीवरून बोट फिरवत होते. तेवढ्यात खालच्या बौद्धवाडीतली मावशी काठी टेकत आली. तुम्हाला ती माहीत आहे. तिचं घर सड्याच्या कडेलाच, तिची लेक माझ्या वर्गात होती. आता ती त्र्याऐंशीच्या पुढं आहे, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. थोडा वेळ तिनं आमचा सोहळा बघितला आणि मग म्हणाली, "काय गो बाय, काय हरवलं तुमचं?"

मुलांनी तिला समजावून सांगितलं. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. "मेल्यांनो, कासवं कसली! तंबूचे चर ते. पाण्यानं तंबू भिजू नये म्हणून गोऱ्यांनी मारून घेतलेले. पलटणीचा कॅम्प व्हता हितं." आणि मग माझ्याकडे बघून, हसणं तसंच ठेवून, "तुला ठाऊक नाय? तुझा आजा तर मुकादम व्हता कॅम्पावर."

मला ठाऊक नव्हतं. आजोबा चिरेखाणीवर मुकादम होते एवढंच घरात सांगितलं जायचं. मी ते मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "खाणीवर मागनं. आधी हितं." आणि तिचं हसू थांबलं. मुलं फोटो काढायला लागली. परतताना मला एवढंच वाटत होतं की चला, एक चांगला विषय मिळाला. वार्षिक प्रदर्शनात कॅम्पावर एक फलक करू. त्या दिवशीच्या रोजनिशीत मी लिहिलंय, 'आजोबा कॅम्पावर होते. घरात उल्लेख नाही. का?' त्या 'का'वर मी तेव्हा फारसा विचार केला नव्हता. नुसती सवय म्हणून लिहिला होता.

मग मी शोधायला लागले. कचेरीत गेले, तिथल्या बाई म्हणाल्या लष्कराचं काही आमच्याकडे नसतं. जुनी गॅझेटं चाळली, एक ओळ नाही. मिरजोळ्याला कारखान्यात काम करणारा आपल्या वाडीतला एकजण म्हणाला की त्याच्या आजोबांनी कॅम्पातला डब्यातला पाव खाल्ला होता, आणि पुढं काही विचारलं तर म्हणाला, "जाऊ दे ना, जुनं झालं." ज्याला त्याला कॅम्प आठवत होता, आणि जो तो दुसऱ्याच वाक्याला गप्प होत होता. शेवटी मी तुमच्याकडे आले. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका तुम्ही संपादित केली होती, त्यात 'आपले गाव' हा लेख तुमचा. देऊळ, शाळा, होडीवाटेचा बंद पडलेला धक्का, पटकीची साथ, सगळं तपशिलानं. आणि मध्येच एक ओळ: 'युद्धकाळात सड्यावर काही काळ सरकारी काम चालू होते.' मी ती ओळ पुन्हा वाचली. 'काही काळ' लिहिलं की तुम्ही आमचा अर्धा गुण कापायचात. 'सरकारी काम' म्हणजे कोणतं काम, असं वहीच्या समासात लाल शाईनं विचारायचात. असं वाक्य तुमच्या हातून चुकून उतरणार नाही. ते तुम्ही बसवलेलं वाक्य आहे, गडग्यातला दगड बसवावा तसं, आत काय आहे ते दिसू नये म्हणून.

फेब्रुवारीत मी एकटीच पुन्हा सड्यावर गेले. चौकोनांच्या पलीकडे ती चिऱ्यांची टाकी आहे, तीच, जिच्यात आम्ही बेडूक मारायचो. टाकीच्या तळाशी पाणी सोडायचं लोखंडी चाक आहे, गंजून लाल झालेलं. मी ते दगडानं खरवडलं तर खाली एक खूण निघाली. तीन रेघा, एका बिंदूला येऊन मिळणाऱ्या. चिखलात उमटलेला कावळ्याचा पाय असावा तशी. मुलांनी मागाहून शोधून सांगितलं की ब्रिटिश सरकारच्या लष्करी मालावर ही बाणाची खूण असायची, चोरी ओळखता यावी म्हणून. पण मला त्यांच्या सांगण्याची वाट बघावी लागली नव्हती. हा कावळ्याचा पाय मी लहानपणापासून ओळखते. तापात पडल्यावर मी त्याच्यावरून बोट फिरवत झोपायची. आपल्या घरात दोन करडी ब्लँकेटं होती, घोंगडीसारखी खरखरीत, काळ्या काठाची. आंब्याच्या आढीवर घालायचो, पेंढ्याच्या वर, ऊब धरावी म्हणून. त्यातल्या प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात ही खूण होती.

एक आढीवरच कुजून गेलं. दुसरं तुम्ही मला दिलंत. कोल्हापूरला होस्टेलवर निघाले होते तेव्हा, रत्नागिरीच्या स्टँडवर, गाडीला अजून वीस मिनिटं होती. पिशवीत वर ठेवून चेन लावलीत आणि म्हणालात, "तिकडे थंडी असते. हे कुणाला देऊ नकोस. हरवूही नकोस." तुम्ही कधी असं बोलायचा नाहीत. इतक्या वर्षांत मी हा प्रसंग कितीजणांना सांगितला असेल, माझे अप्पा कसे मायाळू होते याचा दाखला म्हणून. आता तोच प्रसंग माझ्यासमोर उलटा उभा राहतो. कुणाला देऊ नकोस, म्हणजे कुणी बघू नये. हरवू नकोस, म्हणजे कुणाच्या हाती लागू नये. माया होती, की घरातून ती वस्तू बाहेर काढायची होती? दोन्ही असेल. पण दोन्ही असेल असं म्हणून मी स्वतःची सुटका करून घेतेय का, हेही मला कळत नाही.

कारण खालच्या वाडीतल्या त्या घराला गाव काय म्हणायचं ते मलाही ठाऊक होतं, तुम्हालाही. ब्लँकेटवाले. मावशीचा बाप कॅम्पावर कामाला होता, पलटणीची दोन ब्लँकेटं चोरून पळाला, बायको पोटुशी होती तिला टाकून मुंबईला गेला आणि तिकडेच दुसरा संसार केला, अशी ती गोष्ट. लग्नात, भांडणात, शिमग्याच्या शिव्यांत ती निघायचीच. त्यांच्यापैकी कोणी शाल जरी पांघरली तरी कोणीतरी म्हणायचं, "कुठल्या पलटणीची गो?"

मी चौथीत आहे. मधली सुट्टी आहे, शाळेच्या पडवीत आम्ही सागरगोटे खेळतोय. मावशीची लेक जिंकते आहे, तिच्या मुठीत पाचही गोटे एकदम येतात. मी हरते आहे आणि मला हरायची सवय नाही, मास्तरांची मुलगी. मी म्हणते, "उचलण्यात हिचा हात कोण धरणार? ब्लँकेटवाली आहे ती." सगळ्या हसतात. आणि मागून येऊन तुम्ही माझ्या कानाखाली मारता. तुमचा हात माझ्यावर उठला तो एवढाच एकदा. मी रडायचंही विसरते. तुम्ही विचारता, "चोरी करताना बघितलंस तू?" मी म्हणते, "नाही." "मग?" एवढंच. मग तुम्ही भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून उभे राहता, बराच वेळ, घंटा झाली तरी. तुमच्या शोकसभेत मी हीच गोष्ट सांगितली, अप्पा. स्वतःच्या मुलीला सगळ्यांसमोर मारणारा न्यायी मास्तर. मावशीची लेकही आली होती, ती रडली. आज मला त्या गोष्टीत फक्त एक वाक्य ऐकू येतं, जे तुम्ही म्हणाला नाहीत. 'ते खोटं आहे' असं तुम्ही म्हणाला नाहीत. बघितलंस का, एवढंच विचारलंत.

आणि नारळ. तुम्ही देवळात जात नसा. जागा राखणाऱ्या देवाला राखण देणं, जागेवाल्याचा नारळ ठेवणं, गावात घरोघर चालायचं. तुम्ही त्यावर शाळेत धडाच घ्यायचात, दगडाला नारळ देण्यापेक्षा पोराला द्या म्हणून. पण दर वर्षी आंब्याला मोहोर आला की एका संध्याकाळी तुम्ही पिशवीत नारळ घालून सड्यावर जायचात. एकदा मी मागोमाग आले होते. उघड्या कातळावर काही उगवत नाही, पण टाकीच्या अलीकडे एकाच ठिकाणी काजूचं झाड आहे, जोमदार. तिथं तुम्ही नारळ फोडलात आणि दोन्ही भकलं तिथंच ठेवलीत. खोबऱ्याचा तुकडासुद्धा घरी आणला नाहीत. मला बघून म्हणालात, "आईला सांगू नकोस, हसेल." आई हसली नसती. तेही मला आता कळलं.

मार्चमध्ये मी आईकडे गेले. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून कोवळ्या फणसाची कुयरी चिरत होती, हाताला तेल लावून. मी समोर बसले आणि विचारलं, आढीवर घालायचो ती करडी ब्लँकेटं आपल्याकडे कुठनं आली?

"जुनी होती. तुझ्या आज्याच्या वेळची."

"त्यांनी कुठनं आणली?"

"बाजारातनं आणली असतील. तू भाजी खायला आलीस की चौकशीला?"

मी कावळ्याच्या पायाबद्दल सांगितलं. टाकीच्या चाकाबद्दल सांगितलं. आई फणसाचा चीक पुसत राहिली, एक एक बोट, पुन्हा पुन्हा. मग म्हणाली, "तुझे अप्पा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला सांगून मोकळे झाले. मग मी अडकले. आता तू आलीस. ऐक, आणि मला पुन्हा विचारू नकोस."

तुम्ही तिला जसं सांगितलंत तसंच ती सांगत असेल का, हा संशय मला आहे. साठ वर्षं एखादी गोष्ट मनात सांभाळली की ती झिजतेही आणि तिला धारही येते. पण ती जे बोलली ते असं. कॅम्पाला पाणी कमी पडत होतं, म्हणून कातळात सुरुंग लावून विहीर पाडत होते. त्या खड्ड्यावर आजोबांच्या हाताखाली तिघे. दोघे संगमेश्वरकडचे, एक खालच्या वाडीतला, मावशीचा बाप. एका दुपारी सुरुंगाची वात पेटवली आणि सुरुंग उडाला नाही. अशा वेळी थांबायचं असतं, उतरायचं नसतं, हे मुकादमाला सगळ्यांत आधी ठाऊक. पण साहेब घाई करत होता. आजोबा मावशीच्या बापाला म्हणाले, "उतर, बघून ये." तो उतरला. तो खाली असताना उडाला, आणि खड्ड्याची एक बाजू आत आली. कोणाला काही कळलं नाही, सुरुंग तर दिवसभर उडतच होते. आजोबांनी साहेबाला सांगितलं की इथं पाणी लागत नाही, दगड ठिसूळ आहे, आणि संध्याकाळपर्यंत खड्डा दगडमातीनं भरून घेतला. संगमेश्वरकडचे दोघे दुसऱ्या दिवशी गावी गेले ते परत आले नाहीत. त्याच आठवड्यात कोठारात दोन ब्लँकेटं कमी भरली. ती तेव्हा आपल्या माळ्यावर होती.

मी विचारलं, "चोरी त्याच्यावर कोणी घातली? साहेबानं की आजोबांनी?"

"तेच तुझ्या अप्पांनी विचारलं होतं म्हणे, आजोबा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा. साहेब म्हणाला, हा पळालाय म्हणजे यानंच नेली. आजोबा म्हणाले, मी फक्त नाही म्हटलं नाही."

"तो आपल्या वाडीतला असता तर?"

आईनं विळी जवळ ओढली. "आपल्या वाडीतला असता तर आजोबांनी त्याला उतरवलाच नसता."

मग विचारलं की अप्पांनी का नाही सांगितलं. आई म्हणाली, "सांगणार होते. मला विचारलं, जाऊ का? मी म्हटलं, सासूबाई आहेत तोवर नको. त्या गेल्या. मग तू झालीस. मग तुझे अप्पा म्हणाले, शाळेचं हे वर्ष जाऊ दे. मग शिमगा जाऊ दे. असं करता करता त्यांनी मावशीच्या पोरीला शिकवलं, स्कॉलरशिपला बसवलं, घरी बोलावून गणितं करून घेतली, आणि त्यांना वाटायला लागलं असेल की सांगितल्यासारखंच झालं." आणि मग, विळीवरून मान वर न करता, "नाही झालं. मला कळत होतं."

त्यानंतर मावशीकडे जायला मला तीन आठवडे लागले. तुम्ही टाळलंत असं लिहिताना हे लिहिलंच पाहिजे. रोजनिशीत रोज एक कारण आहे. कॉलेजच्या परीक्षा. आईचा गुडघा. एका पानावर तर लिहिलंय की आपण तिच्यासाठी जाणार आहोत की आपल्या फलकासाठी, हे आधी ठरवावं. किती सचोटीचं वाक्य! मी तुमचीच मुलगी आहे. अशा सचोटीनं माणूस जन्मभर घरी बसून राहू शकतो.

शेवटी एका रविवारी सकाळी गेले. मावशी पडवीत कोकमं सुकत घालत होती, तिची लेक चिपळूणहून आली होती. ती आता नर्स आहे. मी बसले आणि आईनं सांगितलं तेवढं सगळं सांगितलं, न थांबता, कारण थांबले असते तर पुढं गेले नसते. आजोबांचं नाव घेतलं. खड्डा कुठला ते सांगितलं, काजूच्या झाडाखाली. सांगून झाल्यावर मावशी हातातलं कोकम तसंच धरून बसली होती.

"म्हणजे पळाला नाय," ती म्हणाली.

"नाही, मावशी."

"मुंबईची बाई?"

"ती कोणीच नव्हती."

तिनं कोकम सुपात ठेवलं. "माझी आय रोज सकाळी चूल पेटवताना त्याला शिव्या घालायची. रोज. पोटात मला ठेवून गेलास, तुझं वाटोळं होवो. मरेस्तोवर घातल्या. आता त्या कुणाला लागल्या, सांग."

तिच्या लेकीनं माझ्याकडे बघितलं. चौथीतली तीच नजर होती, पडवीतली. ती म्हणाली, "मास्तरांना माहीत होतं?"

मी हो म्हटलं. तिथं मला खोटं बोलायची सोय नव्हती, आणि तुमच्यासाठी बोलायचं मनातही आलं नाही, हे तुम्हाला बरं वाटेल की वाईट, माहीत नाही. ती उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, जरा जास्तच. मावशी मात्र हळूच म्हणाली, "व्हय. म्हणून नारळ."

"तुला माहीत होतं नारळाचं?"

"हितनं दिसतं की सगळं. दर वर्षी दिसायचा. आम्ही म्हणायचो, मास्तर शाळेत येक सांगतो आणि गुपचूप राखण देतो. पण कुणाला बोललो नाय हां. पोरांना शिकवणारा माणूस, कशाला लोकांनी हसायचं? म्हटलं, त्याची लाज आपण राखायची."

अप्पा, हे मी तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे. तुम्ही तिच्यापासून तिचा बाप लपवून ठेवलात, आणि ती समोर बसून तुमचा नारळ लपवत होती. इतकी वर्षं. मला वाटतं तुम्हाला ज्याची भीती होती त्यापेक्षा हे जड आहे.

लेक चहा घेऊन आली. माझ्यासमोर कप ठेवला, पण 'घे' म्हणाली नाही. मी तो घेतला. ती उभ्यानंच म्हणाली, "माझी स्कॉलरशिप मी माझ्या डोक्यानं मिळवली. तेवढं त्यांच्या खात्यावर टाकू नकोस." मी म्हटलं, नाही टाकत. मग मावशीच म्हणाली की पौर्णिमेला भंतेजींना बोलावू, झाडाखाली वंदना घेऊ. तुझ्या आईला चालत येववेल का? मी म्हटलं, रिक्षानं टाकीपर्यंत आणीन. आणि उठता उठता, अगदी उंबऱ्यावर, तिनं विचारलं, "आणि ब्लँकेटं? ती मग कुणी नेली?"

"आमच्याच घरात होती. आजोबांनी आणली होती."

"हायत?"

मी म्हटलं, "नाहीत. फाटून गेली कधीच."

विचार करायलाही थांबले नाही मी. जीभ आपोआप वळली. मावशीनं मान हलवली. "गेली तर गेली. बघायचं व्हतं गो मला एकदा. ज्याच्यापायी एवढं ऐकलं, ते कसं व्हतं ते. जाड व्हतं की पातळ." मी म्हटलं, जाड होतं. आणि उतरून आले.

प्रदर्शन झालं. फलकावर मी 'विहीर खोदताना एक मजूर दगावला' असं आधी लिहिलं होतं. मग 'एक मजूर' खोडून त्याचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, मावशीनं सांगितलं तसं. मुकादमाचंही लिहिलं. कासवं म्हणणारी मुलगी ते वाचून बराच वेळ उभी होती. झाडाखाली वंदना झाली, आई आली, एका कडेला खुर्चीवर बसली, आणि मावशीनं तिच्या हातात फुलं दिली. गावातले चारदोनजण आमच्याशी बोलायचे थांबले आहेत, आजोबांना उगाच बदनाम केलं म्हणून. ते सगळं मी निभावलं. लोक म्हणतात, मास्तरांची मुलगी शोभतेस.

आज श्रावणातली दुपार आहे, चार दिवस झड लागलीय, हवेत ओल आहे. मला थोडी कणकण आहे म्हणून कॉलेजला गेले नाही. पौर्णिमेनंतर मी दोनदा मावशीच्या घरावरून गेले, दोन्ही वेळा पिशवीत ब्लँकेट होतं, दोन्ही वेळा तसंच परत आणलं. आधी वाटलं, आता दिलं तर मी खोटं बोलले हे कळेल, म्हणून देत नाही. पण ते खरं कारण नाही. ते कारण सांगायला सोपं आहे एवढंच. खरं हे की त्याला अजून पेंढ्याचा आणि पिकत्या आंब्यांचा वास येतो, आणि स्टँडवर तुम्ही घडी घालून दिलंत ते माझ्या हातून अजून सोडवत नाही. तुम्ही ज्याला 'हे वर्ष जाऊ दे' म्हणायचात ते हेच असणार.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळे इथं तरी हे खरं लिहिते. लिहायला पाटी नव्हती म्हणून कागद मांडीवर ब्लँकेटच्या घडीवर ठेवला आहे. कावळ्याचा पाय घडीच्या आतल्या बाजूला आहे. तो तुम्ही नाही, मी दुमडला.